आधी पंपहाऊसचं बिल उघडा, मग कार्बन कमी केल्याचा बोर्ड लावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आमच्या नगरपालिकेची बातमी वाचली, की पालिकेनं कार्बन कमी करायचा ठराव केलाय, ऑफिसच्या छपरावर सोलर बसणार, कचऱ्याच्या गाड्या बॅटरीवरच्या येणार आणि पावसाळ्यात झाडं लावणार. वाचून खरंच बरं वाटलं, कारण सीमाभागातल्या छोट्या गावाच्या पालिकेची मीटिंग म्हणजे गटार, रस्ता, गाळ्यांचं भाडं आणि टेंडर एवढंच ऐकायची आपल्याला सवय, त्यात हवामानाचा विषय कुणीतरी काढतो आणि त्यावर ठराव होतो ही मोठी गोष्ट आहे. ज्या नगरसेवकांनी विषय लावून धरला त्यांचं मनापासून अभिनंदन. पण बातमी परत परत वाचली तरी एक गोष्ट कुठं सापडली नाही, ती म्हणजे आमची पालिका आज वर्षाला किती कार्बन सोडते हा आकडा. आज किती हेच माहीत नसेल तर उद्या कमी झाला का वाढला हे कुणी आणि कशावरून सांगायचं, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

मी मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवीन तार भरायचं काम करतो. शेतीच्या सबमर्सिबल, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या, गुऱ्हाळाच्या, सगळ्या तऱ्हेच्या मोटारी दुकानात येतात, अधूनमधून पाणीपुरवठ्याच्या मोठ्या मोटारी पण येतात, त्यामुळं वीज कुठं जाते आणि कशी वाया जाते हे रोज हातानं बघतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण हे काय एकट्या आमच्या गावाचं नाही, चिकोडी घ्या, सदलगा घ्या, संकेश्वर घ्या, खानापूर घ्या, नदीतनं पाणी उचलून टाकीत चढवणाऱ्या कुठल्याही गावाला हा हिशोब लागू पडतो.

लोकांना वाटतं पालिकेचा कार्बन म्हणजे पालिकेच्या गाड्यांचा धूर. गाड्या किती असतात छोट्या गावात, घंटागाड्या, एखादा ट्रॅक्टर, जेसीबी, पाण्याचा टँकर, साहेबांची जीप. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळं डिझेलच्या पावत्या बेरीज करून गुणलं की झाला त्याचा हिशोब. तो महत्त्वाचा आहेच, पण खरा मोठा वाटा दोन ठिकाणी असतो आणि दोन्ही ठिकाणं गावाबाहेर असल्यामुळं कुणाच्या डोळ्यासमोर येत नाहीत. एक नदीकाठचं पंपहाऊस आणि दुसरा कचरा डेपो. बातमीत या दोन्हीचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

पंपहाऊसचं सांगतो. १०० एचपीचा पंप म्हणजे ७५ किलोवॅट, तो दिवसाला १५ तास चालला तर ११०० युनिटच्या वर गेला. आपल्या देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट म्हणजे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं. म्हणजे असल्या एका पंपाचा दिवसाचा कार्बन पावणेआठशे ते आठशे किलो, आणि वर्षाचा २८० टनांच्या पुढं. आता छपरावरचा सोलर बघा. १० किलोवॅटचा बसवला तर आपल्याकडं सरासरी दिवसाला ४० युनिट पडतात, जून ते सप्टेंबर त्याहून बरंच कमी, कारण आपला पाऊस आपल्याला माहीत आहे. ४० युनिट म्हणजे तो पंप जेमतेम अर्धा तास चालतो. झाडांचं पण तसंच, वाढलेलं एक झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं असं ढोबळमानानं धरतात, म्हणजे त्या एका पंपासाठी चौदा हजार झाडं लागतील आणि ती सगळी जगून मोठी व्हावी लागतील. सोलर नको, झाडं नकोत असं मी म्हणत नाही, दोन्ही पाहिजेत, सावलीसाठी तर झाडं पाहिजेतच, पण ज्या पंपाच्या अर्ध्या तासात छपरावरचा सगळा सोलर संपतो त्या पंपाकडं आधी बघायला नको का?

आणि पंपात वाचवण्यासारखं भरपूर असतंय, हे मी खात्रीनं सांगतो. १००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला पुस्तकी हिशोबानं पाव युनिटच्या थोडं वर, म्हणजे ०.२७ युनिट लागतं. पंप आणि मोटार मिळून ६० टक्के काम देत असतील तर ते ०.४५ युनिट होतं, आणि इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजून, बेअरिंग खराब होऊन, पाईप आतनं गंजून तेच ४० टक्क्यांवर आलं तर जवळपास ०.७ युनिट. पाणी तेवढंच, उंची तेवढीच, टाकी तीच, आणि वीज दीडपट. पंप बंद पडत नाही ना, पाणी येतंय ना, मग कोण बघतंय. बऱ्याच ठिकाणी पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो, पुढं गाव वाढेल म्हणून, आणि मग ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा आवळून तो चालवतो, म्हणजे अॅक्सिलेटर दाबून ठेवायचा आणि ब्रेक लावून गाडीचा स्पीड धरायचा. त्याच्यात ऑपरेटरची चूक नाही, त्याला जे दिलंय ते तो चालवतो. अशा ठिकाणी इंपेलर ट्रिम करून, म्हणजे कापून थोडा लहान करून घेता येतो किंवा ड्राइव्ह बसवून मोटारीचा स्पीडच कमी करता येतो. स्पीड थोडा जरी कमी केला तरी वीज पुष्कळ कमी लागते, पाईपमधल्या घर्षणाचाच भार जास्त असेल तिथं स्पीड २० टक्क्यांनी उतरवला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. उभ्या चढाईचा भार जास्त असेल तिथं एवढा फायदा मिळत नाही, म्हणून आधी जागेवर मोजमाप आणि मग खरेदी.

आणि एक, हे माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारं आहे तरी सांगतो. मोठी मोटार जळली की पालिका ती रिवायंडिंगला देते, परत जळली की परत देते, कारण रिवायंडिंगचं बिल लहान असतं, ते लगेच पास होतं, आणि नवीन मोटारीला टेंडर लागतं. पण जुनं वायंडिंग काढताना स्टॅम्पिंग (मोटारीच्या आतल्या लोखंडी पत्र्या) जास्त तापलं, नाहीतर तारेचा गेज बदलला, की प्रत्येक वेळी मोटारीचं काम टक्का-दोन टक्क्यांनी उतरतं. घरगुती मोटारीत ते कळत पण नाही, दिवसाला ११०० युनिट खाणाऱ्या मोटारीत एक टक्का म्हणजे रोजची ११ युनिटं, वर्षाला चार हजार. म्हणून दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोठी मोटार परत आमच्यासारख्याकडं न पाठवता आयई-३ दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी नवीन घ्यावी. मोटारीच्या सगळ्या आयुष्यात जो खर्च होतो त्यात किमतीचा वाटा फार थोडा असतो, बाकी सगळी वीजच. हे ऑडिटवाल्यांनी पण समजून घ्यायला पाहिजे, कारण फायलीवर स्वस्त दिसणारी गोष्ट मीटरवर महाग पडते.

मग येतं गळतीचं पाणी. आपल्या देशातल्या शहरांत चढवलेल्या पाण्यापैकी ३५-४० टक्के पाण्याचा हिशोबच लागत नाही असं नेहमी सांगतात, आणि केंद्राच्या नगरविकास खात्यानं ठरवलेली मर्यादा २० टक्के आहे. पाणी गळलं की पाण्याबरोबर वीज पण गळते हे कुणी बोलत नाही. नदीतनं उचललं, फिल्टर हाऊसला नेलं, आलम-क्लोरीन घातलं, परत वर टाकीत चढवलं, आणि बाजारपेठेतल्या रस्त्याखालच्या जुन्या पाईपच्या जॉइंटमधनं गटारीत गेलं, तर त्या पाण्यासाठी जाळलेला कोळसा पण गटारीतच गेला म्हणायचा. बेळगावात २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, जागतिक बँकेची मदत होती, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा पण त्यात होतं. त्यावेळी लोकांना भीती वाटायची की चोवीस तास पाणी सोडलं तर तलाव रिकामा होईल, पण नवीन पाईप, प्रत्येक नळाला मीटर आणि गळती शोधून बंद करणं हे सगळं एकत्र केल्यामुळं ते चाललं. आमच्या गावात चार दिवसांनी पाणी येतंय, येतंय तेव्हा प्रेशर नसतंय, म्हणून घरोघरी नळाला मोटार लावतात, तळात टाकी, वर टाकी, प्रत्येक घर आपापलं छोटं पंपहाऊस चालवतंय. २०२३ पासून राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळं बऱ्याच घरांचं लाइट बिल शून्यावर आलंय, गरिबाला फार आधार झालाय त्याचा, पण त्या मोटारींची वीज आता कुणाच्याच डोळ्यात येत नाही. पालिकेला मात्र गृहज्योती नाही, तिचं बिल तिलाच भरायचंय, म्हणजे आमच्या घरफाळ्यातनं आणि पाणीपट्टीतनं.

अजून एक गोष्ट, जिला पैसा जवळपास लागतच नाही. कर्नाटकात पावगडाचा सोलर पार्क आहे २००० मेगावॅटच्या वरचा, राज्यात दुपारी सोलरची वीज मुबलक असते, आणि सूर्य मावळला की रायचूर, बळ्ळारीच्या कोळशावर भार येतो. म्हणून टाकी भरायचं काम जेवढं जमेल तेवढं सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये उरकावं. रात्री पंप चालवायची सवय व्होल्टेज चांगलं मिळायचं म्हणून पडलेली होती, ती जुनी गोष्ट झाली. टाकीत पाणी साठवता येतं, वीज साठवायला बॅटरी लागते, एवढा साधा फायदा आपल्या हातात आहे आणि तो आपण घेत नाही. हेस्कॉमशी (आपल्या भागातली वीज कंपनी) बोलून त्या वेळात फीडरला लोडशेडिंग नको एवढी हमी घेतली तर हे पुढच्याच महिन्यात करता येईल.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल पालिकेला पूर्ण श्रेय द्यायला पाहिजे. जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी बसवले. १५० वॅटचा सोडियम चोकसकट १७० च्या आसपास ओढतो, त्या जागी ६०-७० वॅटचा एलईडी चालतो. एका दिव्यामागं १०० वॅट वाचले आणि हजार दिवे रात्रीचे ११ तास पेटले तर रोजची ११०० युनिटं वाचतात, म्हणजे वर सांगितला तो अख्खा पंप. केंद्राची दिव्यांची योजना २०१५ ला सुरू झाली त्यातनं देशभर असे दिवे बदलले गेले, आणि एवढा सरळ फायदा देणारं दुसरं काम मला माहीत नाही. फक्त टायमर जिथं बिघडलेत तिथं डायरेक्ट जोडलंय, आणि सकाळी पोरं शाळेला निघाली तरी दिवे पेटलेले दिसतात. एवढं चांगलं काम करून ते असं सोडू नये, वॉर्डातल्या एखाद्या माणसाला फोन नंबर द्या, तो कळवेल आणि दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन टायमर बदलेल, एवढीच व्यवस्था लागते.

आता डेपोचं. आमच्या गावाचा डेपो गावाच्या बाहेर आहे, पण बाहेर म्हणजे कुणाच्यातरी शेताच्या बांधाला लागून आहेच, आणि उन्हाळ्यात तिथला ढीग पेटला की वाऱ्यानं धूर आजूबाजूच्या वस्तीवर येतो. लहान पोरं आणि दम्याची म्हातारी माणसं असलेल्या घरात काय होत असेल ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत. डेपोतनं सगळ्यात वाईट जी गोष्ट निघते ती मात्र दिसतच नाही. भाजीचा पाला, उरलेलं अन्न, फळांच्या साली, आठवडी बाजारानंतरचा राडा, हे सगळं ढिगात खाली दबलं की हवा मिळत नाही आणि ते कुजताना मिथेन सोडतं. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो आणि वीस वर्षांच्या हिशोबानं ८० पटीच्या आसपास. ढीग जितका उंच तितकी आतली हवा कमी आणि मिथेन जास्त, म्हणून जेसीबीनं ढकलून ढीग उंच करणं हा काय उपाय नाही. आपल्या गावांच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वजन ओल्या कचऱ्याचं असतं. तो सुरुवातीलाच वेगळा काढून खत केलं, हलवत राहिलं, हवा मिळू दिली, तर मिथेनचा प्रश्न जवळपास मिटतो. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमात ओला, सुका आणि घातक असं तीन तऱ्हेनं घरातच वेगळं करायचं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे ही काय नवीन मागणी नाही.

आपल्याकडची माणसं आंबोलीवरनं कोकणात फिरायला जातात, त्यांनी एकदा वेंगुर्ल्याला थांबून नगरपरिषदेचा डेपो बघावा. डेपो म्हणायची सोय राहिली नाही असं ते ठिकाण आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं कचरा दोन-तीन नाही तर वीसच्या वर प्रकारांत वेगळा करायला सुरुवात झाली, ओला कचरा बायोगॅसला आणि खताला, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात, आणि जिथं कचऱ्याचा ढीग होता तिथं झाडी लावून स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असं नाव दिलं, लोक सहली घेऊन येतात. वेंगुर्ला काय मुंबई-बंगळूर नाही, आपल्याच गावाएवढं आहे. त्यांच्याकडं जादा काय होतं तर घरोघरी जाऊन सांगायची चिकाटी आणि वेगळा केलेला कचरा गाडीत परत एकत्र न करण्याची शिस्त. आमच्याकडं नेमकं तिथंच बिघडतंय. बायका घरात दोन बादल्या ठेवतात, वेगळं करून आणून देतात, आणि घंटागाडीत दोन्ही एकाच खणात पडतं. दोन-चारदा असं डोळ्यांनी बघितलं की कोण कशाला वेगळं करेल. त्यात गाडीच्या भोंग्यावरची सूचना फक्त कन्नडमधनं वाजते. कन्नडमधनं वाजायलाच पाहिजे, ती राज्याची भाषा आहे आणि गावात अर्धी माणसं कन्नड बोलणारी आहेत, पण आमच्या गल्लीत ज्या आजी-मावशी रोज बादली घेऊन दारात येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना ते कळत नाही, तर त्यामागं मराठीतनं पण वाजवा, अर्ध्या मिनिटाची रेकॉर्डिंग आहे, कुणीही करून देईल. हा भाषेचा वाद करू नका, कचरा वेगळा व्हायचा असेल तर सांगितलेलं समजलं पाहिजे एवढंच.

किती टन कचरा येतो हे पण अंदाजानं लिहू नका. ऊस जोखायला आपल्या पट्ट्यात गावोगाव काटे आहेत, घंटागाडी आठवड्यातनं एकदा जरी काट्यावर घातली तरी खरा आकडा मिळेल, आणि वजन कळलं की मिथेनचा ढोबळ हिशोब करायची पद्धत आंतरराष्ट्रीय हवामान समितीनं ठरवून दिलेली आहे. खत झालं तर घेणारे शेतकरी पण इथंच आहेत, उसाच्या जमिनी पोटॅश-युरिया खाऊन कशा झाल्यात ते प्रत्येकाला माहीत आहे, फक्त खतात काचा आणि ब्लेड नकोत.

कुणी म्हणेल एवढ्या छोट्या गावाच्या हिशोबानं जगाचं काय होणार. ऑस्ट्रियात ग्युसिंग म्हणून एक गाव आहे, हंगेरीच्या सीमेला लागून, लोकवस्ती चारेक हजार, नोकरीसाठी पोरं बाहेर जायची, गावाच्या तिजोरीत पैसा नव्हता, म्हणजे आपण ओळखतो तसलंच सीमेवरचं गाव. १९९० च्या सुमारास त्यांनी ठरवलं की बाहेरनं इंधन विकत घ्यायचं बंद करायचं. पुढं त्यांनी लाकडाच्या बारीक तुकड्यांवर वीज आणि उष्णता करायचा प्लांट उभा केला, त्याचं जगभर नाव झालं, आणि नंतर तो आर्थिक अडचणीत पण आला, ते खरं आहे. पण माझं लक्ष त्यांच्या पहिल्या पावलाकडं गेलं. प्लांट फार नंतर आला, पहिल्यांदा त्यांनी गावच्या सार्वजनिक इमारतींतली आणि रस्त्यावरच्या दिव्यांतली उधळपट्टी बंद केली, आणि तेवढ्यानंच गावाचा इंधनाचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. आणि वीज आपल्या हातात घ्यायची म्हटलं तर एवढ्या लांब कशाला, आपल्या हुक्केरीत १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, खेड्यापाड्यातल्या माणसांनी मिळून वीज वाटपाचं काम इतकी वर्षं चालवलंय. आपल्या भागाला हिशोब जमत नाही असं कुणी म्हणू नये.

पद्धत पण कुणी नवीन शोधायची गरज नाही. इक्ली नावाची स्थानिक पालिकांची जागतिक संघटना आहे, तिनं १९९३ पासून पाच टप्पे सांगितलेत: आज किती सोडतो ते मोजा, किती कमी करायचं ते ठरवा, कसं करायचं ते लिहा, करा, आणि परत मोजा. आमच्या पालिकेनं पहिले तीन टप्पे सोडून एकदम चौथ्यावर उडी मारलीय. पलीकडं महाराष्ट्रात २०२० पासून माझी वसुंधरा अभियान चाललंय, त्यात नगरपरिषदांना आणि ग्रामपंचायतींना पण हवामानाच्या कामावर मार्क मिळतात, कागल-गडहिंग्लजची माणसं त्याबद्दल बोलतात तेव्हा आपण गप्प बसतो. नदी तीच, पाऊस तोच, आपल्यालाच का जमू नये.

नदीचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा-दूधगंगेला जे पाणी आलं ते इथल्या कुणी विसरणार नाही, निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी येऊन पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला होता. नदीकाठचे शेतकरी रात्रीअपरात्री मोटारी काढायला पळत होते, ज्यांच्या काढून झाल्या नाहीत त्या चिखलात सापडल्या. पाणी उतरल्यावर दुकानासमोर गाळानं भरलेल्या मोटारींची रांग लागली होती. पोटच्या पोरासारखी मोटार घेऊन आलेला शेतकरी विचारतो, किती दिवसांत देतोस बाबा, ऊस वाळायला लागलाय, आणि आपल्याकडं तार संपलेली असते. पूर येतो तेव्हा पंपहाऊस पण बुडतं, म्हणजे चारी बाजूला पाणी आणि गावात प्यायला पाणी नाही. जग तापलं की थोड्या वेळात जास्त पाऊस पडण्याचं प्रमाण वाढतं असं शास्त्रज्ञ सांगतात. आमच्या पालिकेनं दोन पंप सुधारले म्हणून पूर थांबणार नाही हे मला कळतं. पण देशानं ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो करायचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडतो तेवढाच परत शोषून घ्यायचा शब्द दिलाय, तो शब्द दिल्लीत बसून कुणी पाळणार नाही, तो असल्याच पंपहाऊसमध्ये आणि असल्याच डेपोवर पाळला जाणार आहे. आणि आमच्यासाठी हे लांबचं नाही, पूर आमच्या मळ्यात येतो.

म्हणून नगराध्यक्ष, चीफ ऑफिसर आणि सगळ्या नगरसेवकांना तुमच्या पेपरातनं विनंती आहे. पाणीपुरवठ्याची बिलं वेगळी येतात, दिव्यांची वेगळी येतात, ऑफिसची वेगळी, त्यांच्यावर युनिटं छापलेली असतात, मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज करायला एका क्लार्कला दोन दिवस लागतील, कन्सल्टंट नको. त्यात डिझेल मिळवा, कचऱ्याचं वजन मिळवा, आणि तो आकडा ठरावाला जोडा. पंपहाऊसच्या भिंतीवर एक काळा फळा लावा, रोज किती लिटर पाणी चढवलं आणि किती युनिट लागले हे ऑपरेटरनं खडूनं लिहायचं, त्याच्यावरनं हजार लिटरला किती युनिट हे कुणीही काढू शकेल. फ्लो मीटर बंद असेल तर बॅटरीच्या गाडीच्या आधी तो दुरुस्त करा. हे आकडे महिन्याला एकदा पेपरला द्या. आणि संपादक साहेब, तुम्हाला पण विनंती, सोन्याचा भाव, धरणाची पातळी रोज छापता, तसा महिन्यातनं एकदा आपल्या भागातल्या पालिकांचा हजार लिटरमागचा युनिटचा आकडा एका कोपऱ्यात छापा. चिकोडीला किती, निपाणीला किती, संकेश्वरला किती हे शेजारी शेजारी दिसलं की प्रत्येक गावचा नगरसेवक आपल्या पंपहाऊसला जाऊन बघेल.

आमच्याकडनं जे होईल ते आम्ही करू. गावात आम्ही रिवायंडिंगवाले आहोत, आयटीआयची पोरं आहेत, क्लॅम्प मीटर आमच्याकडं आहेत. पालिकेनं परवानगी दिली आणि त्यांचा इंजिनिअर आणि ऑपरेटर सोबत असला तर एका रविवारी आम्ही येऊन प्रत्येक पंपाचं व्होल्टेज, अँपियर, पॉवर फॅक्टर आणि प्रेशर लिहून देऊ, त्याचा एक रुपया घेणार नाही. कुठला पंप बदलायचा, कुठल्याला फक्त इंपेलर लागेल, कुठला चांगला आहे म्हणून हात लावायचा नाही, हे त्या कागदावरनं त्यांच्या इंजिनिअरला ठरवता येईल. परवानगीचा अर्ज मी या आठवड्यात पालिकेत देतोय, आवक नंबर मिळाला की तुम्हाला कळवतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक मोटार रिवायंडिंगवाला, ता. चिकोडी, जि. बेळगाव